शाईने गिळलेलं घर

"चिमटे, कागद नीट धर! हे कोडं सुटल्याशिवाय आज पोहायला जायचं नाही!" ढब्बूने दरडावलं.

"आधी बाहेर काय चाललंय ते ऐक," थोरला भाऊ, म्हणजे सगळ्यांचा 'प्रोफेसर', कुजबुजला.

तिघांनी दाराला कान लावले. सुट्टीत ती तिघं भावंडं मोठ्या आत्याकडे राहायला आली होती. एका साप्ताहिकातलं गूढ शब्दकोडं कित्येक वर्षं आत्याच रचायची. आज संपादक स्वतः घरी आले होते.

"वाचक चिडलेत, ताई! या आठवड्याचं कोडं कुणालाच सुटत नाही. तुमचंही वय झालं आता. पुढच्या अंकापासून सदर बंद करू या."

"बरं," आत्या म्हणाली.

बस, एवढंच! एरवी दूधवाल्याशीही तासभर हुज्जत घालणारी आत्या!

चिमटी दारापासून मागे सरकली. त्या काळी कोड्याची जाळी पट्टीने आणि शाईने हातानेच काढायची असे. आत्याचा हात थरथरायचा, म्हणून या वेळची जाळी चिमटीने काढली होती.

"'पहा, टपोर कळीत सूर्य अजून उगवायचाय,'" ढब्बूने पहिल्या ओळीचा संकेत वाचला. "घरं दोन. उत्तर काय, कप्पाळ?"

"अरे, शेवटचा भाग म्हणजे अर्थ," प्रोफेसर म्हणाला. " उत्तर आधीच्या शब्दांत लपलंय. 'पहा टपोर' सलग वाच."

"प, हा, ट... पहाट! सूर्य उगवायचाय! पण घरं तर दोनच!"

"शेवटच्या ओळीतही तेच. 'गाडीला कप्पा जोडा, भोंगा वाजेल.' गाडी म्हणजे कार, कप्पा म्हणजे खाना. कारखाना! अक्षरं चार, घरं तीन." प्रोफेसरचा चेहरा पडला. "आत्या खरंच चुकली की काय?"

"आत्या नाही रे, मी!" चिमटीचे डोळे भरून आले. "शेवटच्या ओळीत शाईचा थेंब पडला. एक पांढरं घर काळं झालं."

"मग पहिल्या ओळीत काय झालं?"

"जाळी उलटी फिरवली तरी तशीच दिसायला हवी, असं आत्या म्हणते. म्हणून मी समोरचं घरही रंगवलं. आकडे नंतर घातले. वाटलं, एवढ्याने काय बिघडतंय!"

"धन्य आहेस! चूकसुद्धा नियमात बसवलीस!"

"पण छापण्याआधी संपादकांनी कोडं सोडवून बघायचं असतं," प्रोफेसर उठला. "चला!"

बाहेर येऊन त्याने अगदी साळसूदपणे विचारलं, "काका, तुम्ही सोडवलंत ना कोडं?"

"म्हणजे काय! दर वेळी सोडवतो!"

"शेवटच्या ओळीत 'कारखाना' बसला?"

"बसला की! अगदी चपखल!"

"तीन घरांत?"

संपादकांचे कान लाल झाले. आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"घाई होती हो, ताई," ते पुटपुटले. "न बघताच छापायला दिलं. चूक माझीच."

ढब्बूने चिमटीचा हात दाबला. आता गप्प बस, सुटलीस! तिलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आत्या पदराने चष्मा पुसत होती, आणि ते तिला बघवेना.

"काका, आधी मी चुकले," ती म्हणाली, आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

संपादक हसले. "सदर बंद होणार नाही! खुलासा माझ्या नावाने छापतो. ताई, पोरं तयार आहेत तुमची!"

"आहेतच!" आत्या म्हणाली. "माझं कोडं सोडवणं सोपं नाही."

ते गेल्यावर चिमटी भिंतीला टेकून उभीच राहिली. "तू रागावली नाहीस?"

"रागावले ना. मघापासून वाटत होतं, आपलं डोकंच चालेनासं झालं."

त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते! चिमटीने मान खाली घातली.

आत्याने पट्टी आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "बस. पुढची जाळी काढ."

"मी? पुन्हा?"

"मग कोण, ढब्बू? आणि थेंब पडला, तर हाक मार मला."

चिमटीने शाईची बाटली उचलून थेट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि आधी पेन्सिलीला टोक काढलं.