आग्या मोहोळाखालचं पाणी

सिरसाळ्याहून नांदूरघाटला मेंढरं न्यायची, तीही डोंगरातून, चार दिवसांत! तिथल्या एका बागायतदाराच्या रिकाम्या रानात कळप बसवायचा होता. त्याच्या शेताला लेंडीखत मिळणार होतं आणि मेंढरांना विहिरीचं पाणी. सडकेनं सहा दिवस लागले असते. पण चहाला उकळी येईपर्यंत ज्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, तो गहिनीनाथ सहा दिवस कुठून थांबणार? बायको भामाबाई आणि मेहुणा परमेश्वर यांना त्यानं तोंड उघडूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढरांना पाणी पाजायला ठरवलेला तलाव आला. पाण्याचा थेंब नव्हता. भेगाळलेला गाळ आणि त्यात मेलेल्या खेकड्यांची टरफलं. कालपासून तहानलेली साठ मेंढरं त्या गाळाला तोंड लावून उभी राहिली.

"दाजी, मागं फिरू," परमेश्वर म्हणाला.

"मागं दीड दिवस हाय, पुढं दोन. कुठं फिरतो बे?" गहिनीनाथ खेकसला.

संध्याकाळपर्यंत पाणी मिळालं नाही, तर आधी कोकरं जाणार, मग दुभत्या मेंढ्या. पिढीजात कळप आपल्या घाईपायी जाणार, हे त्याला कळत होतं आणि ते त्याला उभंही राहू देत नव्हतं. तो काठावर येरझाऱ्या घालत राहिला. रेंज नाही हे ठाऊक असून त्यानं मोबाईल तीनदा काढून पाहिला.

भामाबाई मात्र एका मेंढीच्या नाकाकडं बघत होती. त्या खारट ओलीवर एक मोठी मधमाशी बसली होती. ती उडाली, थेट उत्तरेच्या घळीकडं. मग दुसरी उडाली. तीही तिकडंच.

"अवं, ही आग्या माशी हाय," ती म्हणाली. "मिठाला आलीया. तान्हेली असती तर अशी तरतरीत उडली नसती. हिच्या घराजवळ पानी हाय."

"माशीच्या मागं मेंढरं हाकू?"

"मग तुमी हाका की तुमच्या मोबाईलच्या मागं."

घळ उभी होती. पायाखालचे गोटे निसटत होते, बोरीच्या काट्यांनी हात सोलून निघत होते. एक मेंढी घसरली. दोन हात खाली गेली! परमेश्वर पालथा पडला, तिचा मागचा पाय त्याच्या मुठीत आला आणि त्यानं तिला तशीच फरफटत वर ओढली. भामाबाईच्या ओटीत दोन कोकरं होती, माना टाकलेली. गहिनीनाथ सगळ्यांच्या पुढं धावायचा, पुन्हा मागं यायचा, कुणी रेंगाळलं की शिव्या द्यायचा. आणि एकाएकी सगळ्या मेंढरांनी एकदम नाकं वर केली.

पाणी! खाली काळ्या कड्याच्या पोटात कमरेएवढा डोह होता. काठाच्या ओल्या खड्यांवर शेकडो माश्या बसून पाणी पीत होत्या आणि वर कपारीला आग्याची तीन मोहळं लोंबत होती, सुपाएवढी.

"धूर करू," परमेश्वर कुजबुजला. "मधबी निघंल."

भामाबाईनं त्याला दटावलं, "वाळल्या रानात जाळ करतो? गळ्यातल्या घंट्या सोडा आधी, आवाजानं माश्या उठत्यात. धा-धा मेंढरं न्यायची. सावकाश."

सावकाश हा शब्द गहिनीनाथला कधी सोसला नव्हता. वाट तरी बघून येतो म्हणत त्यानं डोक्यावरून घोंगडी ओढली आणि तो चालू लागला. पाऊस असो, काटा असो, विंचू असो, धनगराला घोंगडीनं तारलं नाही असं कधी झालं होतं? पण काठावरच्या माश्या उठल्या आणि तिच्या केसाळ लोकरीत त्यांचे पाय गुंतले. गुंतलेली माशी पिसाळते. कड्यावर घोंगावणं वाढलं. पहिला डंख कानाला. दुसरा मानेला. मग मोजदादच राहिली नाही!

"घोंगडी टाका! टाका ती!" भामाबाई ओरडली.

त्यानं घोंगडी लांब भिरकावली आणि डोहात उडी घेतली. काळा लोंढा घोंगडीवर तुटून पडला. गहिनीनाथ नाकापर्यंत पाण्यात बसला. वेदनेनं बोंब मारावीशी वाटत होती, पण वर पाण्याचा वास लागलेली मेंढरं भामाबाई-परमेश्वरनं आडव्या धरलेल्या काठ्यांना रेटत होती. त्याचा आवाज ऐकला असता तर ती धावत त्याच्याकडं आली असती, सरळ पिसाळलेल्या माश्यांखाली. नुकतीच कातरलेली, उघडी अंगं त्यांची. त्यानं दात आवळले. हलायचं नाही. बोलायचं नाही. जन्मात प्रथमच तो गप्प बसला, तासभर!

केव्हातरी त्यानं तोंड पाण्यावर काढलं, तेव्हा एक माशी त्याच्या ओल्या मिशीवर येऊन बसली. आता डंख मारणार, असं त्याला वाटलं. पण ती पाणी पीत होती. आचळाला लागलेल्या कोकराचं असतं, तसं तिचं इवलंसं पोट लपलप हलत होतं. गहिनीनाथला तिची फार दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. आपल्यासारखीच तहानलेली होती बिचारी, आणि तिच्या दारात तो दरवडा घालायला आल्यासारखा शिरला होता.

घोंगावणं निवलं. त्यानं हळूच हात वर केला. घंट्या सोडलेली दहा मेंढरं उतरली, प्यायली, वर गेली. मग पुढची दहा. भामाबाईनं ओंजळीनं कोकरांच्या तोंडात पाणी सोडलं. साठच्या साठ जगली.

वर गेल्यावर भामाबाईनं नखानं त्याच्या चेहऱ्यात रुतलेले माश्यांचे काटे काढले. एक डोळा पार मिटला होता.

"चला दाजी, दिवस कलला," परमेश्वर म्हणाला.

पण गहिनीनाथ परत डोहाकडं निघाला, उघड्या अंगानं, पाऊल मोजत. मेंढरांच्या खुरांनी काठाचा चिखल झाला होता. बसायला जागा नव्हती म्हणून माश्या पाण्यात पडत होत्या. तो खाली बसला आणि सुजलेल्या हातांनी एकेक खडा उचलून काठाला मांडू लागला.

"आता कावून वेळ लावता?" परमेश्वरनं वरून विचारलं.

गहिनीनाथनं बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं आणि पुढचा खडा उचलला.