असे नाव नाही

त्यांची पहिली गाठ पडली ती सर्व्हरच्या खोलीच्या दारात. ती आत, तो बाहेर, आणि मध्ये दाणकन टक्कर!

"बघून चाला की!"

"सरकारची नजर असताना मी कशाला बघू?"

त्या टकरीला तीन वर्षं झाली. इंटरनेटवरच्या नावांच्या यादीत एखादं नाव घालायचं झालं तरी त्यावर सरकारची देखरेख असे. यादी सांभाळणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ, म्हणजे तो, नाव मोठ्यानं वाचणार. सरकारी तपासनीस, म्हणजे ती, 'मंजूर' म्हणणार. शेकडो नावं झाली, मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर आलं नाही. आणि उद्यापासून देखरेखच संपणार होती, तिची बदली दुसऱ्या खात्यात झाली होती. बोलायचं तर आजच!

तो बोलला, पण भलतंच.

"एक गंमत सांगू? रोज सकाळी अकरा-दहाला कुणीतरी आपल्या यादीला एकच नाव विचारतं. उत्तर जातं, असे नाव नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!"

"कुठलं नाव?"

"ठकू."

तिच्या हातातलं पेन गळून पडलं. तिला ठकू म्हणणारा जगात एकच माणूस होता — बाबा. इथेच नोकरीला होते. रोज अकरा-दहाला घरी फोन करायचे, "ठकू आहे का?" त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती.

"कुठून विचारतं?"

"मागच्या खोलीतून."

तिथल्या उघड्या दारातून बाबांचा जुना कॉम्प्युटर कपाटावर धूळ खात पडलेला दिसत होता. वायर त्याच्याच भोवती गुंडाळलेली... प्लग अधांतरी. तिने नकळत तंत्रज्ञाची बाही घट्ट धरली.

"इतकं विचारतायत," तो हळूच म्हणाला, "तर उत्तर देऊ या." त्याने समोरच्या पडद्यावर अर्ज उघडला. "नाव, ठकू. अर्जदार, मी. मुदत... जास्तीत जास्त किती देता?"

"दहा वर्षं."

"मग दर दहा वर्षांनी नूतनीकरण. मी विसरणार नाही."

"हे नावाबद्दलच चाललंय ना?"

"नाही..."

"नावापुरतं मंजूर," ती लाजून म्हणाली. "बाकीचं विचाराधीन."

अकरा-दहा. प्रश्न आला — ठकू? पहिल्यांदाच उत्तर गेलं — आहे.

पडदा क्षणभर निश्चल. मग त्याच बंद कॉम्प्युटरकडून दुसरा प्रश्न उमटला.

जावई?

असे नाव नाही, असं ठरीव उत्तर गेलंसुद्धा.

तिने वाकून पेन उचललं.

"दुसरा अर्ज भरा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा विचारतील ते."

"मुदत?"

"तो रकाना कोराच ठेवा. मंजूर."