लंडनच्या नाटकातली तिसरी खुर्ची

बसा बे, जवळ बसा. अन् तो मोबाईल खिशात ठेव, धम्मरत्न. गोष्ट आयकाची असन तं नीट आयकाची, नाही तं घरी जाऊन झोपाचं. हे काही माया मनचं नाही. आपल्या वरवटचा गजेंद्र, स्टँडजवळ ज्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं, त्याचं हाये हे. त्याच्या बायकोनं, पूनमनं, तुमच्या काकूपाशी बसून जेवढं सांगतलं तेवढंच सांगतो. पदरचं एक अक्षर घालत नाही.

तारीखही सांगून ठेवतो. सन दोन हजार तेवीस, एकवीस नोव्हेंबर, मंगळवार.

दिवाळी नुकतीच झाली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली अन् त्या दोघाईले शेगावच्या टेसनावर सोडाले गेलो. बियाण्याच्या एका कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदाराईले जोडीनं आठ दिवस लंडन फिरवाचं ठरवलं होतं. गजेंद्र एवढा खुश, का रस्त्यानं भेटलेल्या दर माणसाले काच खाली करून सांगे, 'लंडनले चाललो!' पूनम मांगच्या सीटवर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन गुपचूप बसली होती.

आता ही पूनम म्हणजे त्याची दुसरी. पहिली अपेक्षा, सोनाळ्याची. मोठी बोलकी पोरगी, हासली का चार घरं आयकू जाये. पंधरा साली, कापूस घरात आला होता तेव्हा गेली बिचारी. रात्री कापसाच्या खोलीत काही आणाले गेली, ढिगात सरप होता, डसला. गजेंद्रनं असं सांगतलं अन् गावानं असंच मानलं. दोन वर्सांनी पूनम आली. मंग रीतीपरमाणं तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईची मूर्ती कोरलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. पहिलीचा मान पहिला. नवी साडी आली का आंधी त्या टाकाले लावाची, ताट वाढलं का आंधी तिच्या नावाचा घास काढाचा, मंग आपण खाचं. पूनम सारं मनापासून करे. सवतीचं भ्या होतंच तिले, खोटं काऊन बोलू? पण मायाही होती. दुखलं-खुपलं तं एकटीच टाकासंगं बोलत बसे. 'बाई' म्हणे तिले.

तं टेसनावर गजेंद्रची नजर त्या टाकावर गेली.

"काढ ते," म्हणे. "विमानतळावर मशीन वाजन अन् चार लोकाईत माही इज्जत जाईन."

"अजी, लग्नापासून एकदाही नाही काढला. बाईले राग येईन."

"मेलेल्या माणसाचं तिकीट नाही काढलं मी!"

असं म्हणून हासला, अन् स्वतःच्या हातानं दोऱ्याची गाठ सोडून टाक माया हाती देला. मी घरी आणून देवात ठेवला. पण त्या पोरीचं तोंड पाह्यलं असतं तुम्ही... रंगच उडाला होता. तिच्या मनात तेव्हापासून एकच बसलं. आता बाई आपला जीव घेते. परदेशातून आपण वापस येत नाही.

लंडन पाह्यलं त्याईनं. राजाचा वाडा पाह्यला, ते मोठं घड्याळ पाह्यलं, नदीवरचा उघडणारा पूल पाह्यला, लाल दोनमजली बशीत वरच्या माळ्यावर बसून फिरले. तिकडे म्हणे चार वाजताच अंधार पडे अन् थंडी अशी, का बोलताना दात वाजत. गजेंद्र फोटो काढण्यात दंग. पूनमचा हात घडोघडी गळ्याशी जाये अन् रिकामाच खाली येये. रस्ता ओलांडताना ती दोनदोनदा पाहे. जिन्यावर कठडा सोडत नसे. मरणाची एवढी धास्ती कोनाले लंडनमधी लागली असन?

अन् गजेंद्रले नाटकाचा लय शौक. तरणा होता तेव्हा नाटक आलं का खामगाव म्हणू नका, अकोला म्हणू नका, गाडीले किक मारली का निंघाला. लंडनचं नाटक पाह्यल्याबिगर वापस येत नाही, भाषा समजो का न समजो, असं त्यानं इथूनच ठरवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी बाकीची मंडळी बाजार कराले गेली. हे दोघंच थेटरात गेले. साडेसातचं नाटक.

जुनं थेटर. लाल मखमलीच्या खुर्च्या, वर तीन माळे, पाय ठेवाले जागा नाही. खुर्च्या अशा, का माणूस उठला का बसाची फळी आपोआप वर जाये. खट करून. यांच्या रांगेत भिंतीकडच्या तीन खुर्च्या. इकडून पूनम, मंग गजेंद्र, अन् भिंतीले लागून एक रिकामी. एवढ्या मोठ्या थेटरात तेवढी एकच रिकामी. अन् तिथं कोनाले बसाचं असन, तं या दोघाईचे पाय ओलांडूनच जा लागे.

पहिला अंक झाला. मंचावर एका घराची बैठक मांडली होती, मधात एक बंद दार. लोकं येत, बोलत, जात. सुट्टी झाली तशी पोरी आईसक्रीमचे कप विकाले आल्या. गजेंद्रनं दोन घेतले. पूनमनं सवयीनं पहिला चमचा काढून कपाच्या झाकणावर ठेवला.

गजेंद्र तडकलाच. "इथंही? लंडनमधी येऊनही तिचं पोट भरतं का तू?"

"हळू बोला ना जी..."

त्यानं ते झाकण हिसकलं. त्या रिकाम्या खुर्चीच्या हत्त्यावर आपटलं. अन् हासत, मोठ्यानं म्हणे, "घे वं, खा! अन् नाटकही पाह्य फुकट! लय हौस होती ना तुले माया संग नाटकाले याची!"

बोलावलं त्यानं, पोरहो. स्वतःच्या तोंडानं बोलावलं. मेलेल्या माणसाले नावानं काय, नुसत्या हाकेनंही बोलवू नये, एवढं आपल्या इथल्या लहान पोराले समजते. पण माणसाची मस्ती.

दिवे गेले. दुसरा अंक सुरू झाला.

आधी वास आला. पूनमले वाटलं भास होते. पण नाही... सरकीचा वास. नव्या कापसाच्या ढिगाचा, कोंदट, तेलकट. लंडनमधी!

तिनं हळूच मान वळवली.

भिंतीकडच्या खुर्चीची फळी खाली आली होती. खालीच होती. वर जात नव्हती.

हत्त्यावरचं झाकण... साफ. चाटून पुसल्यावानी.

पूनमनं डोळे मिटले. 'बाई, मले सोड, मी मनानं नाही काढला टाक,' असं तोंडातल्या तोंडात म्हणत राह्यली. तेवढ्यात गजेंद्रनं तिचा हात पकडला. त्याचा हात बर्फ झाला होता.

"काय म्हणून राह्यली ती?"

"कोण जी?"

"ती... दारामांगची. ठोकून राह्यली ते..."

मंचावर दोन म्हातारे चहा पीत बसले होते. दार बंद होतं. कोनी ठोकत नव्हतं.

गजेंद्र उठला. लोकाईच्या पायात अडखळत, कोनाच्या अंगावर पडत बाहेर पळाला. पूनम त्याच्या मांग. दारापाशी जाऊन तिनं वळून पाह्यलं. तिची अन् गजेंद्रची फळी वर गेली होती. तिसरी अजून खाली होती. मंग तीही वर गेली.

खट.

हॉटेलात आले तेव्हा दहा वाजून गेले होते. चौथा माळा. गजेंद्र तोंड धुतो म्हणून बाथरूममधी गेला. दार लावलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"पूनम... दार उघड."

"अजी, आतून तं तुम्हीच लावलं."

"मी कडी लावली नाही. उघडतच नाही ते. ओढ बाहेरून!"

तिनं मूठ धरून ओढली. दार हालेना. दोन्ही हातानं ओढली. हालेना. तो आतून ठोकाले लागला. आधी एका हातानं. मंग दोन्ही हातानं.

अन् खोलीत सरकीचा वास भरला.

पूनमच्या खांद्याजवळून, अगदी कानाजवळून, कोनी बोललं. बाईचा आवाज. आपल्याच बोलीत.

"ठोक किती ठोकतं ते. सकाळी कडी काढीन."

आतलं ठोकणं थांबलं.



मंग आतून गजेंद्रचा आवाज आला. बारीक. लहान पोरावानी.

"अपेक्षा... काढ वं. चुकलो मी. नाटकाले माया संग येतो म्हणून तू हटून बसली... मले राग आला... म्हणून कापसाच्या खोलीची कडी लावली मी बाहेरून. अन् गेलो निंघून. रात्री दोन वाजता वापस आलो तं... तू ठोकतच होती. सरप हाये म्हणे... मले खोटं वाटलं. मी म्हटलं... मी म्हटलं, ठोक किती ठोकतं ते..."



पूनमचा हात अजून मुठीवर होता. त्या हातावर दुसरा हात आला. बाईचा. खरबरीत, कापूस वेचणाऱ्या बाईचा असते तसा. त्यानं जोर नाही केला. हळूच, एकेक करून, पूनमची बोटं त्या मुठीवरून सोडवली.

अन् पूनमनं सोडू देली.

ती पलंगाच्या काठावर जाऊन बसली. आत ठोकणं पुन्हा सुरू झालं. लय वेळ चाललं. मंग हळू झालं. मंग...

काय रे धम्मरत्न? बोल ना, काऊन थांबला? 'तिनं खाली जाऊन कोनाले बोलावलं काऊन नाही,' हेच ना? तुमच्या काकूनंही हेच विचारलं तिले. पूनम मंग म्हणे, "काकू, सहा वर्सं मी बाईले भेत होती. त्या रात्री तिनं मले हात लावला, तं मले समजलं का भ्याचं कोनाले होतं." एवढंच बोलली अन् तुमच्या काकूच्या मांडीत तोंड घालून रडली.

सकाळी साफसफाईची बाई आली. तिनं बाथरूमच्या दाराले एक बोट लावलं अन् ते उघडलं. गजेंद्र कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. तळहात सोलून निंघाले होते. डॉक्टरानं लिहून देलं, हृदय बंद पडलं. खोटं नाही लिहिलं त्यानं. आठव्या दिवशी त्याले वरवटले आणलं. आपणच सारे गेलो होतो मातीले.

पण कंपनीचा जो माणूस त्याईच्या संग होता, शालिग्राम नावाचा, त्याचा हॉटेलवाल्यानं महिनाभर पिच्छा सोडला नाही. तुमच्या पाहुण्यानं आमचं दार खराब केलं, भरपाई द्या म्हणे. शालिग्रामनं त्या दाराचा फोटो मले दाखवला, म्हणून सांगतो. पांढरं, गुळगुळीत दार. तसल्या दाराले बाहेरून कडी नसतेच, काऊन असन? पण छातीएवढ्या उंचीवर, बाहेरच्या अंगानं, खिळ्याची चार भोकं होती. अन् त्याखाली वीतभर गंजाची रेघ, वर्सानुवर्सं लोखंडाची कडी घासल्यावर पडते तशी.