मुकादम समाधानी आहे

दृष्ट काढायच्या मिरच्या एअर फ्रायरमध्ये टाकल्या की ठसका लागत नाही. आणि ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट भलतीच कडक होती, हे सगळ्यांना माहीतच असतं. नाशिकच्या मधुमालती सोसायटीत घरोघरी धूरसूचक यंत्रं बसली, मिरच्या गॅसवरून एअर फ्रायरमध्ये गेल्या, आणि तेव्हापासून ज्याची म्हणून दृष्ट काढावी त्याला ती हटकून लागलेलीच निघू लागली.

त्या दिवशी ती मुकादमला निघाली.

मुकादम म्हणजे खैरनारांचा कुत्रा. गावठी, तपकिरी, वयाने पोक्त. तरुणपणी तो रोज सकाळी फाटकाशी बसून कचरा वेगळा करणाऱ्या बायकांवर देखरेख करायचा, तिथेच त्याला हे नाव पडलं. आता आठवडाभर त्याने देखरेख सोडली होती. भाकरी हुंगायचा आणि आपण नंतर बघू अशा चेहऱ्याने तोंड फिरवायचा.

रंजनाबाई खैरनारांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या, एअर फ्रायरचं झाकण लावलं आणि नाक वर करून वास घेतला. "बघा. काही म्हणजे काही वास नाही. मी म्हटलंच होतं. त्या देवरेकाकू परवा म्हणाल्या, काय गुटगुटीत आहे हो तुमचा मुकादम."

"एअर फ्रायरला गाळणी असते, रंजना. वास त्यात अडकतो," विलास खैरनार म्हणाले.

ते भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चमत्कारांमागचं विज्ञान या विषयावर त्यांनी तालुक्या-तालुक्यात व्याख्यानं दिली होती, उकळत्या तेलात हात घालून दाखवला होता आणि एकदा भाजूनही घेतला होता. वाद घालावा म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. "थांब, मोजूच आपण."

मोजायची सोय गळ्यातच होती. गेल्या वर्षी सोसायटीने ठराव करून सगळ्या पाळीव प्राण्यांना स्वास्थ्यपट्टा सक्तीचा केला होता. हा पट्टा प्राण्याचे हृदयाचे ठोके, श्वासांमधलं अंतर, स्नायूंची बारीक थरथर आणि कातडीतून झिरपणारं तणावद्रव्य मोजतो आणि त्या सगळ्यांचा मेळ घालून फोनवर एक दिवा लावतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे अस्वस्थ, लाल म्हणजे वेदना. दिव्याखाली मराठीत एक वाक्यही येतं, ज्याचा मसुदा बहुधा निवृत्त तहसीलदाराकडून करून घेतला असावा.

सकाळी मुकादमचा दिवा पिवळा होता. विलासरावांनी फोन बघितला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

दिवा हिरवा. खाली ओळ : "आपला सदस्य समाधानी आहे. धन्यवाद."

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" रंजनाबाईंनी विचारलं.

"योगायोग आहे," विलासराव म्हणाले, आणि त्यांना त्या रात्री नीट झोप लागली नाही.

डॉक्टर ऋचा बच्छाव यांनी मुकादमचं पोट चाचपून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर, डाव्या बाजूला काहीतरी कडक लागतंय. सोनोग्राफी करून घेऊ. लांबवू नका." ऋचा अकरावी-बारावीला विलासरावांच्याच वर्गात होती, म्हणून ती त्यांना सर म्हणायची आणि ते तिचं म्हणणं फार मनावर घ्यायचे नाहीत. सोनोग्राफीत काही निघालं तर शस्त्रक्रिया, शस्त्रक्रिया म्हणजे भूल, या वयात भूल सोसेल का, हा प्रश्न होताच. आणि दिवा हिरवा होता.

मग सोसायटीच्या ग्रुपवरून औषधांची रांग लागली. हळद-तूप झालं. पंजांवरचे दाबबिंदू झाले, ते देवरेकाकू स्वतः येऊन दाबून गेल्या. कोणाच्या तरी मेहुण्याने कर्नाळ्याहून आणलेल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या झाल्या. प्रत्येक उपचारानंतर विलासराव फोन काढायचे, आणि प्रत्येक वेळी पिवळा दिवा विझून हिरवा लागायचा. गोळ्या खोट्या ठरवायला निघालेल्या माणसाने आलेख काढला. आलेख गोळ्यांच्या बाजूने गेला.

"अहो, पण हा मनाचा खेळ असेल," एकदा रंजनाबाईच म्हणाल्या. "तुम्हीच सांगायचा ना, साखरेची गोळी दिली तरी माणसाला बरं वाटतं."

"माणसाला!" विलासराव उसळले. "माणसाला वाटतं, कारण त्याला माहीत असतं की आपण औषध घेतलंय. मुकादमला काय माहीत? गोळी आणि शेव त्याला सारखीच. श्रद्धा माणसाला असते. कुत्र्याला श्रद्धा नसते. तेव्हा गुण आला तो औषधाचाच, हा साधा तर्क आहे."

साधा तर्क त्यांनी सोसायटीच्या सभेतही मांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उकळत्या तेलाच्या प्रयोगाला इतक्या कधी मिळाल्या नव्हत्या.

मुकादम मात्र बारीक होत होता. पिवळा दिवा आता लवकर-लवकर यायचा, म्हणून गोळ्याही लवकर-लवकर द्याव्या लागायच्या. विलासराव जेवताना फोन ताटाशेजारी ठेवत. आंघोळीला जाताना रंजनाबाईंच्या हातात देत. दोघांपैकी एक जण कायम मुकादमजवळ असायचा. बाजारात जायचं तर एकेकाने. भाचीच्या बारशाला रंजनाबाई एकट्याच जाऊन, न जेवता परत आल्या.

"उरलेल्या गोळ्या मी घेते हं," त्या एकदा सहज म्हणाल्या. "वाया कशाला घालवायच्या?"

"तुला काय झालंय?"

"मला काय होणार? दिवा बघा की."

दिवा त्यांचाही होता. पट्ट्याच्या कुटुंब संचात माणसांसाठी दोन मनगटपट्ट्या फुकट आल्या होत्या. फुकट आलेली वस्तू न वापरणं रंजनाबाईंच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे दोघांच्याही मनगटावर त्या होत्या. विलासरावांनी फोनवर बघितलं. रंजना खैरनार : हिरवा. समाधानी आहे, धन्यवाद. इतक्या वर्षांच्या संसाराची पावती यंत्राने दिली, म्हणून ते थोडे फुशारलेही.

शेवटी ते आलेख घेऊनच ऋचाच्या दवाखान्यात गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्यात मध्येच रंजनाबाई थांबल्या. "चपलेचा अंगठा सरकला," म्हणाल्या, आणि कठड्याला धरून अंगठा बराच वेळ बसवत राहिल्या.

ऋचाने आलेख पाहिला. मुकादमच्या पोटाला हात लावला. तिचा चेहरा बदलला, पण आवाज नाही.

"सर, आलेख सुंदर आहे. निरीक्षण घेताना तुम्ही कुठे होता?"

"म्हणजे काय? त्याच्याजवळ. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

"प्रत्येक वेळी?"

"नाहीतर रंजनाच्या."

"तो एकटा असतानाचं एकही निरीक्षण नाही?"

"आजारी जिवाला एकटं सोडतात का गं?" रंजनाबाई मध्येच म्हणाल्या.

"नाही सोडत, काकू. पण आज सोडा. घरी जा, त्याला त्याच्या जागेवर झोपवा, दोघंही बाहेर पडा आणि खाली थांबा. मग मला फोन करा."

"घरात कोणी नाही म्हणून तो बेचैन होईल. निष्कर्ष चुकेल," विलासराव म्हणाले. वर्गात चुकलेल्या मुलाला पकडावं तसा सूर होता.

"गेल्या वर्षी तुम्ही लग्नाला पुण्याला गेला होता, तेव्हा तो दिवसभर एकटाच होता ना? पट्ट्यात नोंद असेल. काढून बघा."

त्यांनी काढली. दिवसभर हिरवा. त्यातला बराचसा वेळ झोपेचा.

घरी येऊन त्यांनी मुकादमला गोधडीवर झोपवलं, गोळी दिली, दिवा हिरवा झाल्याची खात्री केली आणि दाराला कुलूप लावून खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. विलासरावांच्या हातात फोन. रंजनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"काय हो सर, कसा आहे मुकादम?" देवरेकाकू भाजीची पिशवी घेऊन आल्या. "माझ्या दाबबिंदूंनी फरक पडला ना?"

"हो, बराच," विलासराव म्हणाले, आणि त्यांच्या हातातला दिवा पिवळा झाला.

काकू आपल्या सुनेच्या संधिवाताबद्दल सांगू लागल्या. दिवा लाल झाला. नुसता लाल नाही, लुकलुकणारा लाल. त्याखाली ओळ आली : "आपल्या सदस्यास तीव्र वेदना होत आहेत. कृपया नोंद घ्यावी."

विलासराव लिफ्टकडे धावले. रंजनाबाईंना धावता आलं नाही, त्या मागून भराभर आल्या. लिफ्ट चढत होती आणि ते फोनकडे बघत होते. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली तेव्हा दिवा पिवळा होता. त्यांनी किल्ली कुलपात घातली. किल्ली फिरायच्या आत हिरवा.

मुकादम गोधडीवर होता तसाच होता. त्याने मान उचलली नाही. फक्त शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, अगदी नेमाने, हजेरी द्यावी तशी.

आपला सदस्य समाधानी आहे. धन्यवाद.

"पट्टा बिघडलाय," रंजनाबाई दारातच बसत म्हणाल्या. "बिघडलाय ना हो? सांगा ना."

विलासरावांनी ऋचाला फोन लावला.

"पट्टा बरोबर आहे," ऋचा फोनवर म्हणाली. "तो मोजतो ते खरंच आहे. तुम्ही जवळ असता तेव्हा त्याला खरंच बरं वाटतं. आणि तुम्ही गोळी देता तेव्हा तुम्हालाच बरं वाटतं, तुमचा श्वास सुटतो, हात हलका होतो. ते त्याला कळतं. सर, तुम्ही म्हणाला होता ना सभेत, कुत्र्याला श्रद्धा नसते? व्हिडिओ बघितला मी."

"हो."

"त्याची गोळीवर नव्हती. आता लगेच आणा त्याला."

प्लीहेवर गाठ होती. लिंबाएवढी असताना काढली असती तर सोपं होतं. आता ती संत्र्याएवढी झाली होती आणि एका बाजूने रक्त झिरपू लागलं होतं. फुटली असती तर मुकादम तासाभरात गेला असता. हिरव्या दिव्यात, कोणाच्या तरी मांडीवर, समाधानी.

भूल देताना ऋचाने विलासरावांना आत घेतलं. "आता तुमचा उपयोग आहे, सर. हात ठेवा त्याच्यावर. आणि शांत राहा, नाटक नको, त्याला कळतं."

जन्मात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी शांत राहण्याचं गृहपाठासारखं काम दिलं होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं. त्यांनी सगळी सूत्रं आठवून बघितली. पाढे म्हणून बघितले. शेवटी ते मुकादमच्या कानात, फाटकावरच्या बायकांनी कचरा कसा चुकीचा वेगळा केला आहे, सुका ओल्यात आणि ओला सुक्यात, याची सविस्तर तक्रार सांगत बसले. मुकादमच्या पापण्या हळूहळू मिटल्या.

तो वाचला. गाठ साधी की वाईट, हा अहवाल अजून यायचा होता. पोटावर टाके आणि गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून तो घरी आला. रंजनाबाईंनी उरलेल्या गोळ्यांची बाटली फेकून दिली नाही, कपाटात ठेवली. विलासरावांनी आलेख फाडला. आणि दिवसातून काही वेळा, एक जण खाली गेला की दुसराही आळीपाळीने दाराबाहेर जाऊन उभा राहू लागला, मुकादमची खरी बातमी कळावी म्हणून. शेजारच्यांना वाटलं, भांडण झालंय.

दुपारची वेळ होती. रंजनाबाई खाली कढीपत्ता आणायला गेल्या होत्या, त्या परत आल्या. चप्पल काढली आणि सोफ्यावर न बसता मुकादमच्या गोधडीजवळ जमिनीवर बसल्या. मुकादम सरकत-सरकत, नरसाळं फरशीला खरखरवत, त्यांच्याजवळ आला आणि त्याने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग मान वळवून विलासरावांकडे बघत राहिला, फाटकावर कचरा चुकीचा टाकला गेला की बघायचा तसा.

"काय गं, दमलीस?"

"छे. ऊन आहे बाहेर." त्या हसल्या.

विलासरावांनी फोन बघितला. रंजना खैरनार : हिरवा.

ते उभे राहिले. त्यांना जिना आठवला. चपलेचा अंगठा आठवला. त्या चपलेला अंगठाच नव्हता, ती पट्ट्याची होती. "उरलेल्या गोळ्या मी घेते हं" हे आठवलं.

"मी जरा... मुकादमची पाळी माझी ना? बाहेर उभा राहतो."

"राहा की. पण मी आहे ना त्याच्याजवळ. त्याची खरी बातमी कशी कळणार तुम्हाला?"

"असू दे," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू होता. त्यांनी फोनवर मुकादमचं नाव बाजूला सरकवलं. खालचं नाव उघडलं. दिवा हिरवाच होता. थोडा वेळ हिरवाच राहिला, आणि त्यांनी एकदा हुश्श केलं.

मग तो पिवळा झाला.

मिक्सर थांबला. आतून काहीच आवाज येत नव्हता. एवढ्या वर्षांत ते किती वेळा या दारातून बाहेर गेले होते, कॉलेजला, व्याख्यानांना, तालुक्या-तालुक्यात.

दिवा लाल झाला. ओळ उमटली : "आपल्या सदस्यास तीव्र वेदना होत आहेत. कृपया नोंद घ्यावी."

त्यांचा हात बेलकडे गेला आणि वाटेत थांबला. बेल वाजली की आत ती उठणार, पदर सारखा करणार, आणि दार उघडायच्या आत दिवा हिरवा होणार. तेव्हा तिला विचारायचं काय, आणि ती सांगेल त्यातलं खरं कुठलं धरायचं?