आत कोणी नाही

हे घडलेलं आहे. किर्ती थापा मारणारी बाई नाही. तिने हे आजवर दोनच माणसांना सांगितलं, आणि दोन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

मार्चमधला शुक्रवार. दुपारचे तीन.

अंबरनाथ पूर्वेच्या एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असते. रस्त्यावर ट्रक नाही, चहाची टपरी बंद. रंगाच्या त्या कारखान्यात गेटवर वॉचमन, आणि टाक्यांच्या शेडमध्ये दोघंच... किर्ती, आणि तिच्या हाताखाली काम शिकणारा सुजित. उल्हासनगर कॅम्प चारचा, तिशीतला, एका मुलीचा बाप.

जानेवारीपर्यंत या शेडचे सुपरवायझर हिंदुराव होते. किर्तीचे वडील. पालेगावच्या घरी झोपेतच गेले. मॅनेजर धर्मेशभाईंनी त्यांची जागा किर्तीला दिली.

हिंदुरावांचा एक नियम होता. धुतलेली टाकी बंद करण्याआधी बाहेरून पान्याने दोन ठोके द्यायचे. आत माणूस असला तर तोही दोन ठोके देतो.

उत्तर आलं, तर झाकण लावायचं नाही. कोणी काहीही म्हणो.

"मॅडम, आत्ताच बघितलं ना आपण? खाली आहे पूर्ण," सुजित हसला. "कोणाला विचारू? मच्छरांना?"

"मच्छरांना विचार. पण ठोक. हाताला सवय लागायला पाहिजे."

"एकदम हिंदुरावकाकांसारखं बोलता तुम्ही."

त्याने पाना उचलला.

ठण... ठण.

शांतता.

मग आतून...

ठण... ठण.

सुजितचं हसू गेलं. "पाइपातून आला असेल. ना?"

"परत दे."

त्याने दिले. पुन्हा उत्तर आलं. घाई नव्हती त्यात. पहिल्या ठोक्यानंतर जरा थांबून दुसरा.

असं थांबून ठोकणारा एकच माणूस किर्तीला माहीत होता.

तिने आत टॉर्च मारला. चकचकीत स्टीलचा तळ. कोणी नाही.

फोन वाजला. धर्मेशभाई. "किर्ती, झाकण लागलं काय? उद्या पहिल्या शिफ्टला माल भरायचाय. तपासणीच्या कागदावर सही कर नि घरी जा."

"लावते, धर्मेशभाई."

"मी उतरून बघतो," सुजित म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

किर्तीने सेफ्टीचा पट्टा त्याच्या हातातून घेतला. शिकणाऱ्याला आधी उतरवायचं नाही, आपण उतरायचं. हेही हिंदुरावांचंच. तिने मीटरने आतली हवा तपासली, पट्टा बांधला, आणि उतरली.

बाहेर पत्र्याखाली अंग भाजत होतं. आत मात्र गारवा... पहाटेसारखा.

तिने भिंतीवरून गोल हात फिरवला. काही नाही.

वरून सुजितने दोन ठोके दिले. तिने खिशातल्या किल्लीने उत्तर दिलं, आणि वर आली.

सुजित पांढरा पडला होता.

"तुमचं उत्तर आलं, मॅडम."

"मग?"

"मग... त्याच्या मागून अजून एक आलं."

ती आत उभी होती. ते दुसरं उत्तर तिला ऐकूच आलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजायला लागला. धर्मेशभाईंना काय सांगणार? तिने कागद ओढला. 'आत कोणी नाही' असं लिहिलं. सही केली.

दोघांनी झाकण बसवलं. आठ नट. शेवटचा कसताना...

ठण... ठण.

सुजितचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

'बाबा' हा शब्द तिच्या ओठापर्यंत आला. तिने तो गिळला.

"कस," ती म्हणाली.

त्याने कसला.

शनिवारी माल भरला गेला. काही झालं नाही. आवाज पुन्हा आला नाही.

आता सुजित स्वतः दोघा नव्यांना शिकवतो. परवा किर्ती लांबून बघत होती. टाकीकडे न बघताच त्याने कागद भरला, सही केली. ठोके दिलेच नाहीत.

"सुजित, ठोके?"

तो नजर न उचलता म्हणाला, "उत्तर आलं तर काय करायचं मॅडम? कसायचंच ना? तुम्हीच शिकवलंत."

टाक्या रोज धुतल्या जातात. रोज कोणी ना कोणी आत उतरतं. हिंदुरावांची भीती किर्तीला वाटत नाही.

तिला भीती वाटते ती पुढच्या ठोक्यांची. ते जिवंत माणसाने दिलेले असतील.

आणि बाहेर सुजित असेल.