बिनटोकाची तार

दार ओढून घे आणि जरा हळू बोला. आत तुमचे तारकाका झोपलेत. मी ही गोष्ट सांगतोय हे त्यांना कळलं तर उद्या माझ्याशी बोलणार नाहीत. आणि हा माझा साडू रुसला की तुमची मामी त्याच्या बाजूनं उभी राहते. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे ना, त्याचं सगळं बरोबर असतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. साडूचाही नव्हता. तो आपण बरे की आपलं काम बरं, असा माणूस. गुळगुळीत केलेले खडे तारेत बसवायचे, हा त्याचा धंदा. तार घ्यायची, खड्याभोवती वळवायची, वेढे आवळायचे आणि टोक मागच्या बाजूला दाबून लपवायचं. दिसायला सोपं आहे. पण टोक जरा जरी वर राहिलं तरी घालणाऱ्याची कातडी ओरखडते. कारागीर त्याच्या टोकावरून ओळखावा, असं तो म्हणतो.

त्याच्याकडे मागे एक बाई आली होती. नदीत सापडलेला काळपट लाल दगड तिनं स्वतः घासून चकचकीत केला होता. तिला जाड तारेची, गळ्यालगत बसणारी कडी हवी होती. पुढे तो खडा, मागे अडकवायला आकडा. साडूनं जीव ओतून ती केली. बाईनं खड्यामागून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाली, "टोक कुठंय?"

"सापडलं तर कडी परत घेऊन या," साडू म्हणाला.

त्यानंतर ती रस्त्यात दिसली की लांबूनच हसायची. "अजून सापडलं नाही हो," म्हणायची. मग एकदम दिसेनाशी झाली. जिन्यावरून पडून वारली, असं लोकांकडून कळलं. साडूला फार वाईट वाटलं होतं.

आता ती रात्र. गेल्याच्या गेल्या वर्षी, डिसेंबरचा दुसरा शनिवार.

त्या दुपारी त्या बाईचा नवरा दुकानात आला. बरोबर नवी बायको होती. वयानं तुझ्याएवढी असेल गं, जास्त नाही. नवऱ्यानं रुमालातून तीच कडी काढून ठेवली. आकडा तुटलेला, खडा सैल झालेला.

"हिच्या मापाची करा. तार तीच ठेवायची, नवी नको. रात्री घरी आणून द्या."

साडूनं दोऱ्यानं त्या मुलीच्या गळ्याचं माप घेतलं. ओढणी सरकली. कानाखाली चार बोटांचे निळे वळ होते. तिनं ओढणी वर घेतली आणि जमिनीकडे बघत राहिली.

ती दोघं गेल्यावर साडूनं कडी दिव्याखाली धरली. पडल्यावर तार वाकते. ही ताणली गेली होती, मागच्या बाजूनं, कुणीतरी मुठीत धरून ओढल्यासारखी. खड्याच्या वेढ्यात एक लांब केस अडकला होता.

तो उठून घरात गेला आणि बायकोला सगळं सांगितलं. तुमची मावशी म्हणाली, "आधी पोलिसांकडे जा. मग काय ती कडी कर."

"लोकांच्या नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं?" साडू म्हणाला आणि कामाला बसला.

पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकदा वळलेली तार ताठर होते. तिला आधी ज्योतीवर तापवून मऊ करायचं असतं, खडा त्यानंतर बसवायचा. हे शेंबड्या पोरालाही कळतं. साडूनं आधी खडा बसवला. बसवल्यावर तापवता येत नाही, खडा तडकतो. तशीच थंड तार तो मापाला उघडायचा, बाजूला ठेवायचा, आणि ती हळूहळू मिटायची. दोऱ्याच्या मापापेक्षा लहान व्हायची. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली.

शेवटी त्यानं तुटलेला आकडा जोडला, जोर लावून कडी उघडली, डबीत घातली, पक्कड आणि कातर खिशात टाकली आणि निघाला. त्याला ठाऊक होतं की ही कडी त्या मुलीच्या गळ्यात जाता कामा नये. तरी निघाला.

साडेनऊ झाले असतील. नवऱ्यानं दार उघडलं. तोंडाला दारूचा वास. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ये इकडं. मान वर कर."

त्यानं कडी तिच्या गळ्यात घातली आणि मागं अडकवली. एक क्षण गेला. ती म्हणाली, "घट्ट होतंय."

"घट्टच बरी."

"मला... श्वास..."

तिनं बोटं घालून आकडा उपसला आणि कडी फेकून दिली. त्यानं तिला अशी एक ठेवून दिली की तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. भुवईतून रक्ताची धार लागली. ती खाली बसली. त्यानं लाथ घातली. साडू म्हणाला, "अहो, अहो..." तेवढंच त्याच्या तोंडून निघालं. अजूनही त्याला त्या शब्दांची लाज वाटते.

नवऱ्यानं कडी उचलली.

"घट्ट होतंय म्हणे. नखरे नुसते. ही बघ, माझ्या मानेला होते!"

आणि हसत हसत ती स्वतःच्या गळ्यात अडकवली.

हसणं मध्येच थांबलं.

त्यानं मागं हात नेला. आकडा चाचपला. पुन्हा चाचपला. चेहरा लाल झाला, मग काळा पडला. तो टेबलावर आदळला, टेबल उलटलं. खुर्ची भिंतीवर फुटली. नखांनी त्यानं स्वतःची मान फाडली. तार आत... आत जात होती. रक्त शर्टावर आलं. गुडघ्यावर पडून तो मानेभोवती बोटं फिरवत होता. डोळे बाहेर आलेले. घशातून शब्द निघाले...

"टोक... टोक कुठंय?"

साडूनं कातर काढली. काही झालं तरी माणूस होता तो. साडू वाकला. कातर तारेजवळ नेली.

कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

गार हात. बाईचा.

मुलगी समोर होती. कपाटाला टेकून. दोन्ही हात रक्ताळलेल्या भुवईवर.

साडूनं मागं पाहिलं नाही.

...

त्याला तो हात बराच वेळ जाणवत होता. खाली पाय घासण्याचा आवाज थांबला, तरी. मग कानाशी कुणीतरी हसलं. ती बाई रस्त्यात लांबून हसायची, तसं.

मग हात सुटला.

पोलीस आले. कडी नवऱ्यानं स्वतःच्याच हातानं घातली, असं मुलीनं सांगितलं, आणि ते खरंच होतं. टाके घातल्यावर ती भावाकडे राहायला गेली. आता बरी आहे. काही असो, ती वाचली.

नाही रे, गोष्ट संपली नाही.

साडू त्या रात्री घरी आला, हात धुवायला नळाखाली धरले, तेव्हा त्याला दिसलं. उजव्या मनगटावर तार होती. बारीक, सुबक, वेढ्याला वेढा लागलेला. त्यानं नख फिरवलं. टोक नव्हतं. तारेला दोन टोकं असतातच, पोरांनो. ती कापायला गेला तर दोन कातरींच्या धारा गेल्या. मीही माझ्या हातानं एकदा प्रयत्न केला आहे.

तारकाका भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट का घालतात, असं तू मघाशी विचारत होतीस ना?

पहिल्या वर्षी त्या तारेखाली माझी करंगळी जायची. आज जेवताना त्यांनी बाही वर केली, तेव्हा मी पाहिलं.

आता दोरासुद्धा जात नाही.