साडेतीनशे मिली

आठवड्यात तिसऱ्यांदा मोटारसायकल त्याच चौकात आचके देत बंद पडली, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. पुढे टाकीवर तीन वर्षांची लेक, मागे ट्रक, आणि त्याचा हॉर्न कानठळ्या बसवणारा.

"वाजव, अजून वाजव!" ती मागे वळून ओरडली. गाडी ढकलत कडेला आणेपर्यंत ती घामाघूम झाली. लेक मात्र टाळ्या पिटत होती. मागच्या पंधरवड्यात जुलाबांनी ती अगदी मलूल झाली होती. पण आता दमायचं नाव नाही. अंग कढत लागायचं. थर्मामीटर मात्र रोज ठणठणीत आकडा दाखवायचा.

मेकॅनिकने कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल केला आणि आलेलं इंधन काचेच्या बाटलीत धरलं.

"बघा वहिनी. वर तरंगतंय ते पेट्रोल, तळाला बसलंय ते पाणी. गाडी काय बदक आहे, पाण्यावर चालायला?"

ती ती बाटली घेऊन तडक पंपावर गेली. पंपवाल्याने शांतपणे लांब पट्टीच्या टोकाला लेप लावला आणि ती जमिनीखालच्या टाकीत सोडली. "पाणी असेल तर लेपाचा रंग बदलतो, ताई." पट्टी वर आली. लेप जसाच्या तसा. "आता बोला."

बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती घरी येऊन नवऱ्याला बोलली.

"धुताना झाकणावर पाइप धरला असशील."

"मी गाडी शेवटची कधी धुतली, आठव बरं! तहान लागत असेल गं तिला."

तिने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "भर चौकात पोरीला घेऊन मी उभी असते, तू नाही. एक दिवस ट्रकला ब्रेक लागला नाही, म्हणजे?"

तो हसायचा थांबला.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. अंदाजावर तिचा विश्वास नव्हता. तिने टाकी रिकामी करून वाळवली, झाकणाचं रबर बदललं, दुसऱ्याच पंपावरून मोजून तीन लिटर भरलं. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली, नमुन्याच्या बाटल्यांवर करतात तशी. सकाळी लेकीला पाळणाघरात सोडलं, प्रयोगशाळेच्या आवारात गाडी लावली. संध्याकाळी पाच वाजता पट्टी अखंड, सही जुळलेली. तिने खालच्या नळीतून सगळं मोजपात्रात काढलं.

तळाला पाणी. साडेतीनशे मिली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनशे. तिसऱ्या दिवशीही. ना थेंब कमी, ना थेंब जास्त. पाणी आलं याची चीड होतीच. पण गाडीने प्यायलेलं वजा करूनही पेट्रोल नेमकं तेवढंच कमी होतं, याने तिचा तोल गेला. ती वॉचमनवर धावून गेली.

"बाई, खुर्चीवरून हललो असेन तर शपथ," तो म्हणाला. "आणि सही कशी फसवणार? मला लिहिता येत नाही."

तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला.

चौथ्या दिवशी तिने दुपारीच पाहिलं. पाणी होतं, पण निम्मंच. संध्याकाळपर्यंत भरत जाणार होतं. ते घेऊन ती आपल्या टेबलावर बसली. हे आधीच का सुचलं नाही? रोज परक्यांचं पाणी तपासतो आपण!

क्लोरीन नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत नाहीत. उकळलेलं, गाळलेलं पाणी.

मीठ आहे. थोडंसं.

साखर आहे. साडेतीनशे मिलीला चहाचा एक चमचा, या प्रमाणात.

चार वाजत आले होते. समोरचा कागद तिने दोनदा वाचला. जुलाब झाल्यापासून ती रोज पहाटे पाणी उकळत होती, गाळत होती, चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घालून लेकीच्या गुलाबी बाटलीत भरत होती. बाटलीच्या बुडावरचे आकडे तिला पाठ होते. साडेतीनशे.

पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. ती धावतच गेली.

"अगोबाई, आज लवकर?" पाळणाघरवाल्या मावशींनी दार उघडलं.

"बाटली कुठे आहे तिची?"

"ही काय. गुणी आहे हो पोर, रोज थेंब ठेवत नाही."

बाटली रिकामी होती. तिने नाकाला लावली. कसलाच वास नाही. मग टाकीतलं तेवढं पेट्रोल जातं कुठे?

"तुम्ही हिला काय पाजता?" तिचा आवाज चिरकला. "खरं सांगा! कोण येतं इथे?"

"काय बोलताय तुम्ही?" मावशींचा चेहरा उतरला. "तुम्ही दिलेलं पाणी, तेच पिते. माझ्यासमोर."

आतल्या खोलीत कोणाचा तरी वाढदिवस होता. पडदे ओढलेले, केकवर चार मेणबत्त्या, भोवती मुलं. सगळ्यांना फुंकायचं होतं. तिची लेक सर्वांत पुढे घुसली, टाचा उंचावून केकवर वाकली, गाल फुगवले.

"नको!"

आई दारातून झेपावली, पण लेकीने फुंकर मारलीच.

एकही मेणबत्ती विझली नाही.

चारही ज्योती निळ्या झाल्या, ताणून लांब झाल्या, आणि फुंकरीच्या उलट दिशेने, लेकीच्या ओठांकडे हळूच वळून थांबल्या.